गल्लीच्या तोंडाशी थांबलेली झोळी

रोज सकाळी अंघोळ आणि लिंगपूजा उरकली की गुरुसिद्धप्पा मठाच्या अंगणात येत, खुंटीवरची झोळी खाली घेत, ती उलटी करत आणि उगवतीकडे तोंड करून झटकत. शिवणीत अडकून राहिलेले कालचे चार-दोन दाणे फरशीवर पडत. चिमण्यांना ही वेळ पाठ होती. त्या आधीच कठड्यावर येऊन बसलेल्या असत आणि झोळीचा फटकारा ऐकूनही उडत नसत. मग झोळी सुलटी होई, खांद्यावर जाई, हातात घंटा येई आणि गुरुसिद्धप्पा मठाच्या दारातून बाहेर पडत. थंडीने बोटं वळत नसली तरी, मठात कुणी मोठा पाहुणा उतरला असला तरी, झटकल्याशिवाय ती झोळी त्यांच्या खांद्यावर कधी चढली नाही.

लहानपणी थोरल्या अप्पाजींनी, म्हणजे मठाच्या स्वामींनी, सांगितलं होतं, "कालचा दाणा राहिला की आजच्याला किडा लागतो." ते त्यांनी ज्वारीबद्दल सांगितलं होतं की आणखी कशाबद्दल, हे गुरुसिद्धप्पांनी कधी विचारलं नाही. त्यांनी ते ज्वारीबद्दलच समजून घेतलं आणि तेवढ्यावर त्यांचं बरंचसं आयुष्य नीट चाललं.

नळदुर्गाच्या हमरस्त्यावरून आत वळलं की बोरी नदीच्या अंगाला कोडलगा लागतं. रस्त्यावरच्या ट्रकांचा घरघराट गावात ऐकू येतो, पण ट्रक गावात येत नाहीत. गावाच्या मधोमध लिंगायतांचा लहानसा मठ आहे. मठात रोज दुपारी दासोह चालतो, म्हणजे येईल त्याला पोटभर जेवण. आणि दासोहाची ज्वारी यायची ती या झोळीतून. मठाचा जंगम दारोदार जाऊन कोरडं धान्य मागतो, त्याला कोरान्न म्हणतात. शिजवलेलं घ्यायचं नाही, मुठीहून जास्त मागायचं नाही, दारात बसायचं नाही, ही त्याची रीत.

गुरुसिद्धप्पा आळंदकडच्या एका जंगमाच्या घरचे. घरात खाणारी तोंडं फार, म्हणून आईने त्यांना या मठात आणून सोडलं, तेव्हा त्यांचे दुधाचे दात पडत होते. बरोबरीची पोरं श्लोक पाठ करून सोलापूरच्या पाठशाळेत गेली, पुढे कुठल्या कुठल्या मठांवर गेली. गुरुसिद्धप्पांच्या डोक्यात श्लोक टिकेना. सकाळी घोकलेला दुपारपर्यंत सांडून जाई. थोरले अप्पाजी रागावले नाहीत. त्यांनी एक दिवस त्याच्या हातात झोळी दिली. पोरगं पहिल्या फेरीहून परत आलं ते हसत आलं. त्या दिवसापासून गावाने त्याला अय्या म्हणायला सुरुवात केली, आणि अय्यांनीही आपण झोळीचा माणूस आहोत हे मनाशी धरलं ते कायमचं.

त्यांनी रीत एकदाच मोडली. भूकंपाच्या साली. ती पहाट उजाडली तेव्हा कोडलग्यातल्याही भिंतींना चिरा गेल्या होत्या, पण माणसं शाबूत होती. सास्तूरकडून येणारी बातमी मात्र ऐकवत नव्हती. अय्यांनी झोळी झटकली आणि ते नेहमीसारखे निघाले. पहिल्याच दारात बाई उभी होती, हातात मूठभर ज्वारी नव्हती, तव्यावरून काढलेल्या भाकरीची चळत होती. "अय्या, तिकडं चूल कोण पेटवणार? हेच घ्या," ती म्हणाली. अय्यांनी क्षणभर झोळीचं तोंड मिटलं, मग उघडलं. दुसऱ्या दारातही भाकरी. तिसऱ्यातही. मठात परतले तेव्हा झोळीतून वाफ येत होती.

"अप्पाजी, चुकलं. शिजलेलं घेतलं म्या."

थोरल्या अप्पाजींनी झोळीत हात घालून एक भाकरी चाचपली. "झोळीला काय कळतंय रे, कोरडं का शिजलेलं? आन् कुणाच्या घरचं? भरली न्हवं? मग सास्तूरला निघालेल्या टेम्पोत टाक आन् तूबी जा."

सास्तुरात दगडांच्या ढिगाशी बसलेल्या एका माणसाने अय्यांच्या हातातली भाकरी घेतली, मधोमध मोडली आणि अर्धी परत झोळीत टाकली. "पुढंबी लोकं हायेत," एवढंच तो म्हणाला. अय्यांना पुढे अनेक वर्षं झोळी खांद्यावर घेताना ती अर्धी भाकरी आठवे.

झोळीला घर कळत नाही. हे ज्यांनी सांगितलं, त्यांनीच पुढे एक घर वगळायला सांगितलं.

ते घर शिवकांताचं. विहिरीच्या गल्लीत शेवटचं, ओट्यावर तुळशीची कुंडी असलेलं. नवरा लवकर गेलेला, एकच लेक, अक्षरा. शिवकांताने शिलाई मशीन चालवून तिला शिकवलं, पुण्याला पाठवलं. अक्षराने तिथे बरोबर काम करणाऱ्या, दुसऱ्या समाजातल्या मुलाशी लग्न ठरवलं आणि शिवकांताने ते लपूनछपून नाही, गावात पत्रिका वाटून लावून दिलं. तिचा थोरला भाऊ आण्णासाहेब मठाच्या पंचांचा प्रमुख. पत्रिकेवर मामा म्हणून त्याचं नाव छापलं होतं, त्याला न विचारता. लग्नाला तो गेला नाही, आणि त्यानंतर त्याने बहिणीचं नाव काढणं सोडलं.

थोरले अप्पाजी तोवर थकले होते. साखर वाढलेली, पाय सुजलेले. सोलापूरच्या दवाखान्यात ते आण्णासाहेबांच्या गाडीतून जात. दासोहाच्या मंडपावरचे पत्रे आण्णासाहेबांनी घातलेले. एके सकाळी अय्या झोळी झटकत असताना अप्पाजींनी खिडकीतून हाक मारली.

"गुरुसिद्धा, विहिरीच्या गल्लीत जाऊ नगंस. थोडे दिवस."

अय्यांनी मान वर केली. अप्पाजी त्यांच्याकडे बघत नव्हते, चिमण्यांकडे बघत होते.

"व्हय, अप्पाजी," अय्या म्हणाले.

गुरूच्या शब्दापुढे त्यांनी आजवर दुसरं काही म्हटलं नव्हतं, आणि दुसरं काय म्हणायचं असतं हे त्यांना येतही नव्हतं. गल्लीतल्या बाकीच्या घरांनी मोठ्या रस्त्यावर येऊन मूठ द्यायला सुरुवात केली. शिवकांता आली नाही. मागितल्याशिवाय आणून दिलेलं ते कोरान्न नव्हे, हे तिला माहीत होतं. ती रोज सकाळी सुपलीत मूठभर ज्वारी घेऊन आपल्या उंबऱ्यात उभी राही.

अय्यांच्या फेरीची वाट गल्लीच्या तोंडावरूनच जाई. तिथे त्यांचे पाय आपोआप थांबत. गल्ली सरळ होती, त्यामुळे टोकाचा उंबरा दिसे, सुपली दिसे, तिच्या हातातल्या बांगड्याही दिसत. एक श्वास घेण्याइतकं थांबून ते पुढे जात. घंटा मात्र तिथे वाजवत नसत, हाताने धरून ठेवत. थोडे दिवस म्हणता म्हणता सुपलीचा बांबू काळा पडला, तिच्या केसांत पांढरं आलं.

ती मठात यायची थांबली नव्हती. सोमवारी पंगत उठली की खरकटी भांडी घासायला बसे. एकदा अय्या हौदावर पाणी काढून देत होते, तेव्हा ती भांड्यावरची नजर न काढता म्हणाली,

"अय्या, आमच्या गल्लीत कुत्री लई झालीत व्हय?"

अय्यांचा पोहरा हौदाच्या कडेला आपटला. "न्हाय, शिवक्का."

"न्हाय, म्हणलं भ्या वाटत असंल तर काठी घिऊन म्या उभी ऱ्हाते." आणि तिने परात उलटी घालून पाणी निथळवलं.

त्या दिवशी अय्या जेवले नाहीत. कुणाला कळलं नाही, कारण ते नेहमी सगळ्यांच्या मागून जेवत.

थोरले अप्पाजी गेले, लिंगैक्य झाले, तेव्हा मठाला नवा स्वामी हवा होता. पंचांनी बाहेरून शिकलेले दोन तरुण स्वामी बोलावून पाहिले. एकाने मठाच्या खोलीत मोबाइल उंच धरून रेंज शोधली आणि नकार कळवला. दुसऱ्याने गाडी कुठे लावायची ते विचारलं, तिथे बैल बांधलेले पाहून तोही परत गेला. मग आण्णासाहेब पंचांना म्हणाले, "आपला अय्या काय वाईट हाय? घरचा माणूस. गप माणूस." गप या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला होता. नाही म्हणणं ज्याला येत नाही, असा स्वामी त्यांना सोयीचा होता.

अय्यांनी हे ऐकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा न सांगता गाव सोडलं. पहाटेच्या एसटीने तुळजापूर, तिथून धाराशिव, तिथून येडशी. रामलिंगाच्या देवळाशी, दरीतल्या गार सावलीत ते जाऊन बसले. झोळी बरोबर होती. तिच्याशिवाय बाहेर पडायची त्यांना सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बिराप्पा त्यांना शोधत तिथे आला. बिराप्पा धनगर, मठाच्या पालखीचा पुढचा खांदा पिढ्यान् पिढ्या त्याच्या घराकडे. तो आला तेव्हा एक माकड झोळीचं एक टोक ओढत होतं, दुसरं टोक अय्यांनी धरलं होतं, आणि अय्या त्या माकडाला समजावून सांगत होते की आत काही नाही.

बिराप्पा पायरीवर बसून हसला. "अय्या, ही माकडंबी तुमची झोळी सोडंनात, मग आमी कशी सोडावी?"

"बिराप्पा, मला श्लोक येत न्हाईत. लोकं पाया पडतील, मी काय करू तवा?"

"पडू द्या की. पाय तर हायेत न्हवं?" बिराप्पाने माकडाला हाकललं आणि पिशवीतून भाकरी काढली. "बसा, खावा. एक सांगू का? आजपत्तोर तुम्ही दुसऱ्याच्या हुकमानं चाललाव. अप्पाजी झालाव की कंच्या गल्लीत जायचं ते तुम्हीच ठरवणार. तुम्हाला कोण अडवतंय?"

बिराप्पा हे सहज म्हणून गेला. अय्यांच्या हातातला भाकरीचा तुकडा मात्र तसाच राहिला. दरीतून पाण्याचा आवाज येत होता. त्यांच्या डोळ्यांपुढे काळी पडलेली सुपली उभी राहिली. मग तो तोंडात घालून त्यांनी विचारलं, "परतीची एसटी कितीची हाय?"

पण मठात परतल्यावर पंचांच्या बैठकीत त्यांना निराळंच कळलं. पट्टाभिषेक झालेले स्वामी झोळी घेऊन फिरत नसतात. लोक मठात येऊन त्यांची पाद्यपूजा करतात. झोळीला दुसरा कुणी माणूस बघू. म्हणजे अय्या होते तोवर त्या गल्लीत जायला हुकूम आड येत होता, आता अप्पाजी झाल्यावर मान आड येणार होता. त्यांनी घसा साफ केला. पंच गप्प झाले, कारण बैठकीत अय्या बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"आण्णा, बाकी तुम्ही म्हणाल तसं. झोळी माझ्याच खांद्यावर ऱ्हाऊ द्या."

आण्णासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "बघू की. आधी पट्टाभिषेक तर होऊ द्या."

पट्टाभिषेकाला आसपासच्या गावांतून माणसं आली. मोठ्या मठाचे महास्वामी आले, मंत्र झाले, डोक्यावर पागोटं चढलं, अंगावर भरजरी शाल आली. हुग्गीच्या कढया उतरल्या. गव्हाच्या खिरीचा तो गोड वास गावभर पसरला. अय्या सगळ्यातून नवरदेवासारखे अवघडून जात होते. मग पालखी आली.

या भागातल्या मठांची एक रीत आहे. नव्या स्वामींची पालखी रस्त्याने सरळ जात नाही, आडवी जाते. दांडा रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि भोई खेकड्यासारखे बाजूला पावलं टाकत चालतात. तिला अड्डपालखी म्हणतात. अख्खा रस्ता त्या दिवशी पालखीचा. म्हणून ती फक्त रुंद रस्त्यानेच न्यायची असते. आण्णासाहेबांनी तिचा मार्ग स्वतः आखला होता, मोठ्या रस्त्याने वेशीपर्यंत आणि तिथून वळसा घालून मठात. विहिरीची गल्ली अरुंद होती. ती वगळायला कारण शोधावं लागलं नव्हतं.

पण मोठ्या रस्त्यावर नळाच्या पाइपासाठी चर खणलेला होता. ठेकेदाराने आदल्या दिवशी तो बुजवला खरा, वरवर. पालखीच्या पुढे चाललेला ट्रॅक्टर त्या चरात एका चाकाने रुतून बसला आणि खालचा पाइप फुटून चिखलाचं कारंजं उडालं. रस्ता बंद. पालखी मागे फिरवायची नसते. आण्णासाहेबांनी चारी बाजूंना पाहिलं. मोकळी वाट एकच होती.

"घ्या गल्लीतून," ते कसंबसं म्हणाले.

गल्लीत पालखी शिरली, चार घरं पुढे गेली आणि अडकली. एका अंगाला विजेचा खांब, दुसऱ्या अंगाला कुणीतरी नव्याने बांधलेला जिना. दांडा दोन्हींच्या मधे घट्ट बसला. वाजंत्री वाजतच होती. मागची गर्दी पुढे रेटत होती.

"बिराप्पा, काय झालं?" आण्णासाहेब ओरडले.

"आण्णा, पालखी सरळ करावी लागंल."

"अड्डपालखी सरळ करतात व्हय रे कधी? आडवी ती आडवीच!"

"मग जिना पाडा, न्हाय तर खांब उपटा. आमच्या घरात धा पिढ्या खांदा देतेत, पर तवा ह्यो खांब नव्हता!"

"मागं सरका जरा."

"मागं फिरायचं न्हाय, पुढं जाता येत न्हाय, सरळ करायची न्हाय. अप्पाजीला काय इथंच मठ बांधून देता व्हय?"

जिन्यावर उभ्या असलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पालखीत बसलेले अय्या, आता गावाचे अप्पाजी, मात्र हे काहीच ऐकत नव्हते. आडव्या पालखीत माणूस बाजूला तोंड करून बसतो, पण आपण मान वळवली तर काय दिसेल हे त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं ते गल्लीच्या तोंडावरून जे बघत आले, ते आता हाकेच्या अंतरावर होतं. त्यांनी मान वळवली.

शिवकांता उंबऱ्यात उभी होती. हातात सुपली होती. स्वामींची मिरवणूक बघायला ती आली नव्हती. पाइप फुटला नसता तरी ती तिथेच असती. रोज असायची.

अप्पाजींनी पागोटं सावरलं, पालखीच्या कठड्याला धरलं आणि खाली पाय टाकला.

वाजंत्री एकदम थांबली.

"अप्पाजी!" आण्णासाहेब पुढे आले. "आज जमिनीला पाय लावायचा नसतो."

"लागला की, आण्णा," अप्पाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. "आता काय करायचं? धुऊन घिऊ मागनं."

ते चालू लागले. घरांच्या दारांतून माणसं मागे सरली. शेवटच्या ओट्यापाशी ते उभे राहिले, सवयीने त्यांचा हात खांद्याकडे गेला. झोळी नव्हती. घंटाही नव्हती. त्यांनी भरजरी शालीचं टोक दोन्ही हातांनी पसरलं. आवाज निघाला तो फार बारीक निघाला.

"कोरान्न भिक्षा."

शिवकांताने सुपली उचलली, मग थांबली. "शाल खराब व्हईल, अय्या." अप्पाजी म्हणायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

"ज्वारीनं कुठं खराब व्हतंय, शिवक्का?"

तिने सुपलीतली मूठभर ज्वारी शालीत सोडली. जरीवर दाणे पडल्याचा सरसर आवाज त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आला. ती त्यांच्या पाया पडायला वाकली, उठली, डोळे पुसले नाहीत.

"कुत्री गेली वाटतं," ती म्हणाली.

"गेली," अप्पाजी म्हणाले.

गल्लीच्या मधोमध आण्णासाहेब अडकलेल्या पालखीशी उभे होते. ते बहिणीकडे बघत नव्हते. पण त्यांनी तोंडही फिरवलं नाही, हे बिराप्पाने पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. अप्पाजी चालतच मठात परतले, शालीचं टोक मुठीत गच्च धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी झोळी खुंटीवरून काढली. पंचांपैकी कुणीतरी अडवलं, "अप्पाजी, आपण जायचं नसतं." अप्पाजी म्हणाले, "आण्णा बघू म्हणले हुते. म्हणून म्या निघालो, त्यास्नी बघू द्या." त्यांनी झोळी झटकली. चिमण्या खाली आल्या.

मग ते रोज जात राहिले. पाया पडणारे वाटेतच पाया पडत, आणि अप्पाजी दरवेळी तितकेच ओशाळत. श्लोक त्यांना शेवटपर्यंत पाठ झाले नाहीत. सणावाराला बाहेरून कुणीतरी येऊन ते म्हणे आणि अप्पाजी हात जोडून ऐकत. दिवाळीत अक्षरा नवऱ्याला घेऊन आली. जावयाने डाव्या हाताने ज्वारी घातली, शिवकांताने डोळे वटारले, आणि अप्पाजी म्हणाले, "असू द्या, पडली न्हवं आत?"

आण्णासाहेबांनी मात्र मठात येणं सोडलं. दासोहाच्या मंडपात त्यांची जागा रिकामी राही. अप्पाजी तिथे दुसऱ्या कुणाला बसवत नसत. पुढे अप्पाजींचे गुडघे गेले. फेरीला अर्धी सकाळ लागायला लागली, मधेच कुणाच्या तरी ओट्याला टेकावं लागे. एके सकाळी मठाच्या दारात आण्णासाहेबांची जुनी स्कूटर उभी होती. आण्णासाहेब उतरले नाहीत.

"बसा," ते समोर बघत म्हणाले. "कुठं पडला बिडला तर गावाची इज्जत जाईल."

अप्पाजी मागे बसले. तेव्हापासून झोळी स्कूटरवरून फिरू लागली. प्रत्येक दारात आण्णासाहेब गाडी थांबवत. विहिरीच्या गल्लीच्या तोंडाशीही थांबवत, पण आत नेत नसत. गाडी बंद करून ते मोबाइल काढत आणि त्यात बघत बसत. अप्पाजी भिंतीला हात लावत आत जात, ज्वारी घेत, चार शब्द बोलत, परत येत. भाऊ-बहिणीबद्दल ते दोघांपाशीही एक अक्षर बोलले नाहीत. शिवकांता गल्लीच्या टोकाकडे बघून एवढंच विचारी, "आला का गाडीवाला?" आणि अप्पाजी म्हणत, "आला."

आता गल्लीच्या तोंडाशी अप्पाजींच्या जागी आण्णासाहेब थांबत होते. अप्पाजींना हे कळत होतं. तिथे उभं राहिलं की पायांना काय होतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून त्यांनी घाई केली नाही.

गेल्या फाल्गुनात ज्वारी काढणीला आली आणि अवकाळी पाऊस झाला. दोन दिवसांनी ऊन पडलं. ती अप्पाजींची शेवटची फेरी होती. दुपारी लिंगपूजेला बसले ते उठले नाहीत, तळहातावर पूजेचं लिंग तसंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना मठाच्या आवारात, थोरल्या अप्पाजींच्या शेजारी समाधीत बसवलं. बिराप्पाने खड्ड्यात उतरून त्यांना आधार दिला. शिवकांता आणि आण्णासाहेब एकाच दिशेने, एकामागोमाग एक चालत मठात आले, हे गावाने पाहिलं.

पण त्या शेवटच्या फेरीच्या सकाळी यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. सकाळी झोळी झटकली गेली होती, चिमण्या आल्या होत्या, स्कूटर निघाली होती. अप्पाजी गल्लीतून परत आले ते नेहमीपेक्षा हळू आले. तोंडाशी असलेल्या दगडी कट्ट्यावर बसले आणि बराच वेळ दम खात राहिले. आण्णासाहेबांनी मोबाइल खिशात घातला.

"पाणी आणू?"

अप्पाजींनी मानेनेच नको म्हटलं. झोळी खांद्यावरून काढून त्यांनी आण्णासाहेबांच्या मांडीवर ठेवली. मग झोळीत हात घालून वरचीच मूठभर ज्वारी काढली, तळहातावर चोळली, वास घेतला आणि ती परत आत सोडली. गल्लीच्या टोकाचा उंबरा त्यांच्या डोळ्यांना आता नीट दिसत नव्हता, पण त्यांनी त्या बाजूला बोट केलं.

"आण्णा, तिची ज्वारी ओलसर हाय. सांगायचं इसरलो म्या. आज ऊन चांगलंय, तेवढी पसरून टाक म्हणावं, सांगून या जरा."